तंबू तोच, रीत वेगळी: परक्या देशातल्या कॅम्पसाइटवर उतरताना

मुक्कामी (धागाकर्ता)

सुट्टी म्हटली की आमच्या घरात माळ्यावरून तंबू खाली येतो. आधी आम्ही दोघंच असायचो, आता मुलगी नऊ वर्षांची आहे आणि मुलगा पाच. इतकी वर्षं तंबूत काढल्यावर माझा समज झाला होता की कॅम्पिंग एकदा अंगवळणी पडलं की कुठेही जमतं. जर्मनीत मागच्या उन्हाळ्यात हा समज मोडला.

एका तळ्याकाठच्या कॅम्पसाइटवर आम्ही दुपारी सव्वा वाजता पोहोचलो. फाटकाचा दांडा खाली, ऑफिस बंद. गाडी बाहेर ठेवून पायीच आत शिरलो, मोकळी जागा दिसली तिथे तंबू पसरला आणि मी खुंट्या ठोकायला घेतल्या. चौथी का पाचवी खुंटी चालू असताना शेजारच्या कॅराव्हॅनमधून, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरातून, एक आजोबा उतरले. ओरडले नाहीत. समोर येऊन त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट टेकवलं, तेच बोट ओठांवर ठेवलं आणि परत आत गेले. मग मी पहिल्यांदा आजूबाजूला नीट पाहिलं. चहूकडे तंबू आणि कॅराव्हॅन, माणसं भरपूर, आणि कुठेही आवाज नाही. एक बाई पुस्तक वाचत होती, पान उलटल्याचं ऐकू येईल इतकी शांतता. दुपारी १ ते ३ ही तिथल्या बहुतेक कॅम्पसाइटवर विश्रांतीची वेळ असते, मिटाग्सरूअ म्हणतात. या वेळात गाड्या आत-बाहेर करत नाहीत, म्हणून फाटक बंद. रात्री १० नंतर पुन्हा शांतता.

तीन वाजेपर्यंत आम्ही चौघं अर्धवट उभ्या तंबूशेजारी बसून राहिलो. पाटी फाटकावरच होती, मी ती वाचायची सोडून जागा शोधत गेलो याचं मला फार वाईट वाटलं. ती माणसं वर्षभर काम करून त्या दोन तासांसाठी तिथे आलेली असतात.

येत्या जूनमध्ये स्वीडनमधून नॉर्वे आणि तिथून स्कॉटलंड असा बेत आहे. छापील नियम मी वाचेनच. मला हव्या आहेत त्या रीती, ज्या तिथल्या लोकांच्या इतक्या अंगात मुरलेल्या असतात की त्या कुणी पाटीवर लिहीत नाही. इतर देशांबद्दलही लिहा, पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

रानवाट

तुमचा मार्ग माझ्या ओळखीचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

स्वीडनमध्ये आधी एक गोष्ट समजून घ्या. तिथे रानात तंबू ठोकणं ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. अलेमान्सरेत्तेन, म्हणजे निसर्गात वावरण्याचा सर्वांचा हक्क. १९९४ पासून त्याचा उल्लेख राज्यघटनेत आहे. जमीन खाजगी असली तरी एखादी रात्र तुम्ही राहू शकता. पण हक्क म्हणजे मोकळं रान नव्हे. घराच्या आसपास नाही, शेतात किंवा नव्या रोपांच्या लागवडीत नाही, आणि गाडी रस्ता सोडून मातीवर घालायची नाही. घरापासून किती लांब, याचा मीटरमध्ये आकडा तिथे नाही. घरातल्या माणसाला तुमच्यामुळे अवघडल्यासारखं होऊ नये, एवढंच माप. हे माप आपल्याला सवयीचं नसतं, म्हणून नवखा माणूस 'नेमकं किती?' असं विचारत राहतो.

नॉर्वेत मात्र आकडा आहे. तिथला कायदा १९५७ चा. वस्तीच्या घरापासून किंवा केबिनपासून कमीत कमी १५० मीटर, आणि एका जागी जास्तीत जास्त दोन रात्री. उंच डोंगरात आणि वस्तीपासून फार दूर दोन रात्रींची अट नसते. तिथे केबिन झाडीत अशा लपलेल्या असतात की संध्याकाळी दिवा लागला की मगच कळतं. तेव्हा जागा ठरवण्याआधी एक चक्कर मारा.

आता कॅम्पसाइटवरच्या न लिहिलेल्या रीतीबद्दल. अंघोळीच्या खोलीत भिंतीला रबराची पट्टी लावलेला वायपर टांगलेला असतो. तो सफाई कामगारांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. अंघोळ झाली की फरशीवरचं पाणी मोरीकडे ओढायचं, केस गोळा करून कचऱ्यात टाकायचे, वायपर परत खुंटीला अडकवायचा आणि मग बाहेर पडायचं. पुढच्या माणसाला कोरडी फरशी मिळायला हवी, त्याचे कपडे खाली पडले तर भिजू नयेत. स्वयंपाकघरातही तसंच. शेगडी पुसायची, सिंकची जाळी साफ करायची. मी पहिल्या खेपेला हे केलं नव्हतं, आणि माझ्यानंतर आत गेलेल्या बाईने काही न बोलता दोघींचं पाणी ओढलं. मी बाहेर दात घासत उभी होते, आवाज ऐकू येत होता. तो खरखर आवाज अजून आठवतो.

चकमक

आगीबद्दल मी लिहितो, कारण प्रवाशांच्या हातून सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं आणि देशागणिक रीत सगळ्यात जास्त इथेच बदलते.

नॉर्वेत १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात जंगलात आणि जंगलाजवळ उघडी आग पेटवायला बंदी असते. पाण्याकाठी किंवा ठरवून दिलेल्या जागी, जिथे वणव्याचा धोका उघडच नाही, तिथे चालतं. मुक्कामी, तुमचा अख्खा प्रवास याच काळात येतो. स्वीडनमध्ये अशी ठरलेली तारीख नाही, कोरडं पडलं की त्या भागापुरती बंदी जाहीर होते, म्हणून रोज सकाळी तपासायचं. आणि तिथे उघड्या सपाट कातळावर आग लावायची नाही. आपल्याला वाटतं दगड म्हणजे सगळ्यात सुरक्षित. पण तापला की कातळ तडकतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि तो डाग कायमचा राहतो. हिमयुगात घासून गुळगुळीत झालेला तो दगड एका संध्याकाळच्या शेकोटीने फुटतो.

फिनलंडमध्ये तंबू ठोकायचा हक्क आहे, पण आग लावायचा नाही. त्यासाठी जमीनमालकाची परवानगी लागते. त्याऐवजी पायवाटांवर तीन बाजूंनी बंद, एका बाजूने उघडे लाकडी निवारे असतात, त्यांना लावू म्हणतात. पुष्कळ ठिकाणी समोर शेकोटीची जागा आणि शेजारी सरपणाची खोली. रीत अशी की निघताना पुढच्या माणसासाठी बारीक चिरलेली ढलपी ठेवून जायची. पावसात भिजून रात्री उशिरा पोहोचलेल्याला कुऱ्हाड शोधत बसावं लागू नये. मी एकदा तसाच भिजून पोहोचलो होतो. छपराखाली भुर्जाची साल आणि बोटाएवढ्या काड्या नीट रचून ठेवलेल्या होत्या. कुणी ठेवल्या माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्धा तास लाकडं चिरत बसलो होतो.

जपानमध्ये बहुतेक कॅम्पसाइटवर जमिनीवर थेट आग चालत नाही. पायांवर उभी राहणारी लोखंडी घडीची शेगडी वापरतात, ताकिबिदाई. तिच्याखाली आगीला न जळणारी चादर अंथरतात, म्हणजे गवताला आच लागत नाही. राख ठरलेल्या हौदात टाकायची. आणि बऱ्याच ठिकाणी कचरा आपला आपण घरी न्यायचा असतो.

ऑस्ट्रेलियात 'टोटल फायर बॅन' जाहीर झाला की उघडी आग पूर्ण बंद. गॅसच्या शेगडीलाही अटी लागतात आणि त्या राज्याराज्यांत वेगळ्या आहेत. वणव्यांत तिथे माणसं गेली आहेत, तेव्हा 'एवढीशी तर शेगडी' हे वाक्य तिथल्या माणसापुढे काढू नका.

अमेरिकेत आणखी वेगळंच. तिथे आगीपेक्षा लाकूड कुठून आणलं हे आधी विचारतात. एमरल्ड अॅश बोरर नावाचा हिरवा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला. त्याने अॅश नावाच्या जातीची कोट्यवधी झाडं मारली, आणि तो लांब पल्ला गाठतो तो मुख्यतः लोकांच्या गाडीतल्या सरपणातून. म्हणून जिथे जाळणार तिथलंच लाकूड विकत घ्यायचं, घरून न्यायचं नाही आणि उरलेलं परत आणायचं नाही. काटकसर करून डिकीत चार ओंडके टाकणारा माणूस वाईट नसतो, पण त्याच्या मागे एक जंगल वाळून जाऊ शकतं.

पायपीट

चकमक, फार उपयोगी लिहिलंत. कातळाचं मला ठाऊक नव्हतं.

स्कॉटलंडचं मी सांगतो. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने तिथे जवळजवळ सगळीकडे जबाबदारीने वावरायचा हक्क दिला, त्यात तंबूही येतो. थोडी माणसं, हलके तंबू, एका जागी दोन-तीन रात्री. पण हा हक्क पायी, सायकलने, होडीने जाणाऱ्यांचा. गाडीत झोपणं त्यात बसत नाही, रस्त्याच्या कडेला गाडी लावून शेजारी तंबू ठोकणंही त्या भावनेत बसत नाही. लॉक लोमंड या तळ्याच्या काही किनाऱ्यांवर १ मार्च ते ३० सप्टेंबर परवाना लागतो, कारण गर्दीने ते किनारे अक्षरशः झिजले होते.

सीमा ओलांडून इंग्लंडमध्ये उतरलात की चित्र उलटं. तिथे जमीनमालकाला विचारल्याशिवाय तंबू नाही. नैऋत्येकडचं डार्टमूर हे माळरान हा अपवाद, तोही कोर्टात लढून टिकला, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला. एकाच बेटावर दोन तासांच्या अंतराने तुमचा तंबू हक्काचा राहत नाही, आगंतुक ठरतो.

ब्रिटनमधल्या कॅम्पसाइटवर दोन तंबूंमध्ये ६ मीटर अंतर ठेवायला सांगतात. लोकांना वाटतं हे एकांतासाठी. ते आगीसाठी आहे. एका तंबूने पेट घेतला तर शेजारचा वाचावा.

तंबूवाली

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे.

शांततेच्या वेळा, अंतरं, वायपर हे सगळं मान्य. पण लहान मुलं घेऊन फिरताना या रीतींचा काच आईवर पडतो. एका ठिकाणी माझा दोन वर्षांचा मुलगा दात येत असल्याने रात्री रडत होता. शेजारच्यांनी तक्रार केली आणि सकाळी व्यवस्थापकाने आम्हाला कोपऱ्यातल्या कचराकुंडीजवळच्या जागेवर हलायला लावलं. मी रात्रभर त्याला घेऊन फिरत होते, शेवटी गाडीत काच लावून बसले. गप्प राहण्याची रीत असेल, तशी बाळ रडलं तर समजून घेण्याचीही असावी ना? 'तिथली पद्धत' म्हटलं की पाहुण्याने सगळंच निमूट मान्य करायचं, हे मला पटत नाही.

उत्तररात्र

तंबूवाली, तुमच्याशी जे झालं ते चुकीचंच होतं. शांततेचा नियम मोठ्यांच्या गप्पा, गाणी, गाडीची दारं यांच्यासाठी असतो. तान्ह्या मुलाला तो लावणं म्हणजे नियमाचा अर्थच न कळणं.

एक सांगू? मुलं घेऊन जायचं तर इटली-स्पेनकडे जाऊन बघा. तिथेही दुपारी शांतता असते, बऱ्याच ठिकाणी २ ते ४. पण रात्र उशिरा सुरू होते. अकरा वाजता मुलं सायकली फिरवत असतात, आज्या खुर्च्या टाकून बसलेल्या असतात आणि रडणाऱ्या बाळाला शेजारीण उचलून घेते. आम्ही पहिल्या रात्री नऊला झोपायचा प्रयत्न केला आणि चिडलो. दुसऱ्या दुपारी सगळ्यांबरोबर झोपलो, मग रात्रीचा त्रासच राहिला नाही. दिवसाचं घड्याळच वेगळं लावलेलं असतं तिथे.

मुक्कामी (धागाकर्ता)

तंबूवाली, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी आजोबांची बाजू इतकी मनावर घेतली की दुसरी बाजू डोळ्यांआड झाली होती. आता एक ठरवलंय, पोहोचल्यावर तंबू काढायच्या आधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना भेटून मुलांची ओळख करून द्यायची. पाच वर्षांच्या पोराने हात हलवून 'हॅलो' म्हटलेलं असलं की रात्री त्याच्या रडण्याला एक चेहरा असतो.

तंबूवाली

हे मी करून पाहिलेलं नाही. करेन.

डोंगरकपारी

फ्रान्समधल्या राष्ट्रीय उद्यानांतली पद्धत मला फार आवडते, म्हणून लिहितो. तिथे कॅम्पिंग आणि बिव्हुआक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅम्पिंगला उद्यानात बंदी. बिव्हुआक म्हणजे चालणाऱ्याचा एका रात्रीचा विसावा. एक्रँ उद्यानात तो संध्याकाळी ७ ते सकाळी ९ एवढ्याच वेळात चालतो, तोही उद्यानाच्या हद्दीपासून किंवा रस्त्यापासून तासाभराची चाल असलेल्या जागी. सकाळी नऊनंतर त्या कुरणावर तुमची खूण दिसता कामा नये. मेंढपाळ कळप घेऊन येतात तेव्हा त्यांना गवत मोकळं मिळतं. मी पावणेनऊला दव झटकून तंबू गुंडाळला आणि दहा मिनिटांत वरून घंटांचा आवाज आला.

खालच्या गावांतल्या कॅम्पसाइटवर दोन गोष्टी लक्षात ठेवा. टॉयलेट पेपर पुष्कळदा आपला न्यावा लागतो. आणि तरणतलावात पुरुषांना सैल चड्डी चालत नाही, अंगाला घट्ट बसणारीच लागते. कारण स्वच्छतेचं आहे, दिवसभर घालून फिरलेले कपडे पाण्यात नकोत.

चाकावरचं घर

आम्ही व्हॅनने फिरतो, त्यामुळे आमचे प्रश्न वेगळे. न्यूझीलंडमध्ये रस्त्याकडेला फुकट मुक्काम करायचा तर बहुतेक ठिकाणी गाडी 'सेल्फ-कंटेन्ड' लागते, म्हणजे पाणी, सांडपाणी आणि टॉयलेटची सोय गाडीतच असलेली. २०२३ मध्ये कायदा बदलला आणि आता टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलं हवं, उचलून ठेवायचं चालत नाही. आधीच्या ढिलाईत लोकांनी समुद्रकिनारे घाण करून ठेवले होते, त्यामुळे स्थानिकांचा राग मला रास्त वाटतो.

तिथल्या संवर्धन खात्याच्या साध्या कॅम्पसाइटवर बऱ्याचदा कुणीच नसतं. एक पेटी, पाकिटं आणि पेन्सिल. आपण नाव लिहायचं, पैसे पाकिटात घालून पेटीत टाकायचे. कुणी बघत नाही. तिथे पहिल्यांदा पाकीट टाकताना माझ्या लेकीने विचारलं, "कुणी टाकलंच नाही तर?" मी म्हटलं, मग पुढच्या वर्षी ही जागा नसेल.

आइसलंडबद्दल एवढंच की व्हॅनमध्ये रात्र काढायची तर कॅम्पसाइटवरच. तिथलं शेवाळ चाकाखाली चिरडलं की सावरायला अनेक दशकं लागतात.

अस्वलवाट

अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाबद्दल थोडं. तिथे प्रत्येक जागेशेजारी लोखंडी पेटी असते. अन्न, साबण, टूथपेस्ट, लहान मुलांचं क्रीम, वास येणारं काहीही गाडीत किंवा तंबूत ठेवायचं नाही, पेटीतच. अस्वलं वासावरून गाडीचं दार वाकवून उघडतात. आणि माणसांच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला पुष्कळदा मारावं लागतं. आपल्या विसरलेल्या एका पुड्याची किंमत ते जनावर मोजतं.

न लिहिलेली रीत विचारलीत म्हणून: अमेरिकन कॅम्पग्राउंडवर दुसऱ्याच्या जागेतून आडवं जाऊ नका. टॉयलेटकडे जाण्याचा जवळचा रस्ता शेजाऱ्याच्या टेबलाजवळून असला तरी वळसा घालूनच जायचं. ती जागा त्या रात्रीपुरती त्यांचं अंगण असते. मुलांना हे आधी सांगा, मोठ्यांना ते पटकन कळतं.

रानवाट

अस्वलवाट, दुसऱ्याच्या जागेतून आडवं न जाण्याचं स्वीडनमध्येही तितकंच खरं आहे. मुक्कामी, जाऊन आल्यावर लिहा नक्की.

मुक्कामी (धागाकर्ता)

परत आलो. रानवाट, चकमक, पायपीट, तुमच्या प्रतिसादांच्या प्रती काढून गाडीत ठेवल्या होत्या.

स्वीडनमध्ये मुलीने वायपरचं काम स्वतःकडे घेतलं. रोज संध्याकाळी ती आमच्या चौघांच्या अंघोळीनंतर फरशी कोरडी करून यायची आणि दार उघडून मला दाखवायची.

नॉर्वेत एका फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या, वरच्या अंगाला छान सपाट जागा सापडली. घर कुठेच दिसत नव्हतं. तंबू उभा झाला, मुलगा आत जाऊन लोळला सुद्धा. उन्हाळ्यात तिथे अंधार पडत नाही, त्यामुळे दिव्याची खूणही मिळत नव्हती. मग रानवाट यांचं आठवून मी चक्कर मारली. भुर्जांच्या मागे, शंभर पावलांवर, गवत उगवलेल्या छपराची एक केबिन होती. दाराशी पायताणांचे दोन जोड. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, सगळे दमलेले. बायको म्हणाली, काढू या. खुंट्या उपटल्या, तंबू न गुंडाळता चौघांनी चार कोपरे धरले आणि तसाच उचलून उताराने ओढ्यापलीकडे नेला. मी पावलं मोजत होतो, मुलगा माझ्यामागून मोठ्याने मोजत होता. त्याला शंभरच्या पुढे येत नाही, म्हणून तो पुन्हा एकपासून सुरू करत होता.

सकाळी केबिनमधले गृहस्थ ओढ्यावर पाणी न्यायला आले. हात वर केला, आम्हीही केला. मुलीने विचारलं, त्यांना कळलं असेल का आपण आधी तिकडे होतो? तिथलं गवत आडवं झालेलं होतं, तेव्हा कळलं असणार.